जड क्लच

४ ऑगस्ट
सकाळी तात्या गाडी घेऊन आले. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची, विलासची. फौजेत त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. म्हणून ऑटोमॅटिक. क्लच नाही, एका पायाचं काम. तो सध्या पुण्यात, नवा पाय बसवायला. तीन आठवडे.
"गिअरबॉक्स गेलाय. मॅन्युअल बसवा."
चालवून बघितली. काही गेलेलं नाही. तसं सांगितलं.
"मिस्त्री, मी गेलाय म्हन्तो न्हवं? मग गेलाय."

५ ऑगस्ट
कारण कळलं. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. विधवा, एक मुलगी. विलास दर रविवारी जातो. लग्न करणार म्हणतो. तात्यांना ते नको. मळ्यापासून डांबरी रस्ता तीन कि.मी., सगळा चिखल. कुबडी रुतते.
"गाडी न्हाई तर कशावर जातोय? उसातनं लोळत?" तात्या आपल्याच बोलण्यावर बराच वेळ हसले. मीही हसलो.
रहिमतपुरातला हा गाळा त्यांचा आहे. पण काम घेतलं ते त्यामुळे नाही. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवणं इकडे कुणी केलेलं नाही. मला करून बघायचंय.

९ ऑगस्ट
शिरवळच्या भंगारातून मॅन्युअल गिअरबॉक्स, फ्लायव्हील. ऑटोमॅटिकला जड फ्लायव्हील नसतं, नुसती पातळ चकती. ती काढली. नव्याची भोकं जुळली. स्टार्टरशी दात जुळले. क्लच प्लेट मात्र शाफ्टवर सरकेना. मोजलं. आतले दोन दात कमी. घेतानाच मोजायला हवे होते. दिवस फुकट.

१२ ऑगस्ट
सांगलीहून दुसरी प्लेट. सरकली. इतकी अलगद की काढून पुन्हा घातली. उगीचच.
राहिली वरची प्रेशर प्लेट. हेच इंजिन माल वाहणाऱ्या टेम्पोलाही येतं. टेम्पोची प्लेट याच फ्लायव्हीलवर, त्याच भोकांत बसते. स्प्रिंग जड. गाडीची नरम. दोन्ही आहेत माझ्याकडे. नरम लावली तर क्लच नकली पायानंही दबेल. बहुधा.
तात्यांना विचारायची गरज नव्हती. विचारलं.
"जड."

२६ ऑगस्ट
विलास आला, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. दार उघडून तीन पेडलांकडे बघत राहिला. मग मला म्हणाला,
"दादा, ह्ये कुनी केलं?"
"मी. गिअरबॉक्स गेला होता."
"मी गेलो तवा तर…" आत बसला. नकली पाऊल हातानं उचलून पेडलवर ठेवलं. दाबलं. घसरलं. गुडघा वर आपटला. पुन्हा. पुन्हा.
"लय जड हाय. नरम बसंल का दुसरी?"
"या फ्लायव्हीलला नाही बसत."
नरम प्लेट फळीवर होती, त्याच्या समोर, कागदात.
"तुमी म्हन्ता म्हंजी नसंल बसत."

३० ऑगस्ट
रोज येतो. गाडी इथेच अंगणात. शंभर वेळा दाबतो. मोठ्यानं मोजतो, हिंदीत. चाळिसाच्या पुढे आवाज बदलतो. आज नकली पाय काढून आतला मोजा पिळला. लाल पाणी. मी चहा दिला.
"दादा, लय उपकार हायत तुमचे. घरात कोन इचारीत न्हाई."
चहात साखर जास्त झाली होती. त्यानं तसाच संपवला.

३ सप्टेंबर, बुधवार
गाडी हलली. दहा फूट, मग बंद पडली. विलास ओरडला, "दादा! बगितलं का!" तिथूनच मिरजेला फोन. "रविवारी येतो. व्हय, सोताच. तू पोरीला सांगून ठेव."
संध्याकाळी तात्यांचा फोन.
"चालीवली म्हनं?"
"दहा फूट."
"दहाचं शंभर व्हत्यात. ह्याच्यापरास जड असती का?"
असते. मोठ्या टेम्पोची. पण भोकं वेगळी. फ्लायव्हील उतरवून नवी पाडावी लागतील. तसं सांगितलं.
"मग पाडा की."
बघतो म्हणालो. विलास उद्या नऊला येईल. त्याला काय सांगायचं, ठरलेलं नाही.
फ्लायव्हीलची मापं काढून बघितली. नव्या भोकांना जागा आहे.