दोन सीट

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून पुन्हा रोजनिशी. डोक्याला शिस्त हवी.

शालनला जाऊन सात महिने झाले. मी पूर्ण सावरलेलो आहे. मृणाल ठाण्याहून रोज फोन करते, बाबा जेवलात का. जेवतो. मुलीला बापाची काळजी कमी आणि संशय जास्त.

विहाराचा सेक्रेटरी महेंद्र येऊन गेला. २३ तारखेला, रविवारच्या वंदनेनंतर माझं भाषण ठेवलंय. विषय : भूत, आत्मा आणि आपण. म्हणाला, सर, तुमच्याशिवाय कोण बोलणार? बरोबर आहे. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शन केलं. गेजमध्ये बसत नाही तो पीस रिजेक्ट. आत्मा आजवर कुठल्याच गेजमध्ये बसलेला नाही. तीन दिवसांत लिहून काढतो.

४ नोव्हेंबर, सं. ७.१०
स्टेशनपर्यंत चक्कर. रिटायर झालो म्हणून पाय रिटायर करायचे नसतात.

येताना शेअर रिक्षात बसलो आणि आजही तोंडातून गेलं, दोन सीट. एकोणीस वर्षांची सवय. मी ठाण्याहून यायचो, शालन डोंबिवलीच्या शाळेतून. कल्याणला जो आधी उतरेल त्याने स्टँडवर जागा धरायची. ती बाहेरच्या कडेला, वारा लागतो म्हणून. मी मधे. आतल्या कडेला एक पॅसेंजर होताच, काळुरामने, नेहमीच्या रिक्षावाल्याने, गाडी काढली. डावीकडची जागा रिकामी आणि मी मधे अंग चोरून बसलेलो.

उतरताना दोन सीटचे दिले. सवय आहे, बाकी काही नाही. घरी येऊन दहा वेळा मोठ्याने 'एक सीट' म्हणून बघितलं. व्यवस्थित जमतं.

७ नोव्हेंबर
रोज दोन सीट. पण आता त्यामागे विचार आहे : गुडघा. पाय मोकळा ठेवावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पुलाच्या उतारावर वळण येतं तिथे आज डाव्या खांद्यावर भार आला. तेवढाच, ओळखीचा. खोबरेल तेलाचा वासही. मी मान वळवली नाही. वळवून बघण्यासारखं काही नसतं हे मला माहीत आहे.

काळुरामला सांगितलं, तुझं सस्पेन्शन गेलंय. तो म्हणाला, काका, परवाच तर काम केलं.

भाषण : शीर्षक लिहून झालं. खाली रेघ मारली.

११ नोव्हेंबर
मेट्रोच्या कामासाठी स्टँड हलवला. जुन्या जागेला पत्रे लावलेत, आत खड्डा, वर क्रेन. नवीन स्टँड पार पुढे, मोबाइलच्या दुकानांपाशी. कोणाला विचारलं? कुठे बोर्ड? कालपर्यंत जिथे उभं राहायचं ती जागाच जगातून काढून टाकायची, हे काय प्लॅनिंग झालं?

जुन्या जागी पत्र्यापाशी पंचेचाळीस मिनिटं उभा राहिलो. सार्वजनिक कामासाठी. ज्यांना नवीन स्टँड माहीत नाही त्यांना सांगायला कोणीतरी हवं. चार जणांना सांगितलं. त्या चौघांनाही माहीत होतं.

गर्दी गाडीमागून गाडी उतरत होती. शालनसारखीच निळी कॉटनची साडी एकदा दिसली. खांद्याला पर्स. मी दोन पावलं पुढे गेलो. दुसरीच कोणीतरी.

महानगरपालिकेला अर्ज लिहिणार. उद्याच.

१२ नोव्हेंबर
अर्ज राहिला. पत्र्यापाशी एक तास. पाय दुखले. मृणालला फोनवर सांगितलं, वाचनालयात होतो.

१४ नोव्हेंबर
नवीन स्टँडवर एक बाई कडेवर पोर घेऊन आली आणि डावीकडे चढू लागली. मी म्हणालो, इथे माणूस येतंय. ती थांबली, मागे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. काळुराम तिला हळूच म्हणाला, ताई, मागची पकडा ना, इथे आमच्या बाई बसतात.

पोर माझ्याकडे बघून हसत होतं. मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचणार नाही.

वाटेत काळुरामला चांगलं झापलं. बाई बसतात म्हणजे काय? धम्मात आत्मा नाही. माणूस गेला की गेला. एवढं विज्ञान पुढे गेलं आणि तू रिक्षात भुतं घेऊन फिरतोस? त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरोबरे काका, पण मग तुम्ही दोन सीट का घेता?

गुडघा, मी म्हणालो.

१८ नोव्हेंबर
संताप. संताप. काळुरामने डावीकडच्या दांडीला लिंबू-मिरची टांगली. ताजी. नेमकी तिच्या जागेवर.

मी सगळ्या लायनीदेखत ती ओरबाडून गटारात फेकली. ओरडलोसुद्धा. काय ओरडलो ते नीट आठवत नाही. काळुराम घाबरा झाला. म्हणाला, काका, बाईंचं काय वाईट नाही वाटत मला, माझ्या पोरीला त्यांनीच शिकवलं. पण घरची घाबरते ना. संध्याकाळी गाडी एका बाजूला जड लागते, असं मीच बोलून बसलो.

मी त्याला सांगितलं, ही अंधश्रद्धा आहे. असलं काही टांगून ठेवलंस तर ती बसणार कशी?

म्हणजे पॅसेंजर. पॅसेंजर बसणार कसे, असं म्हणायचं होतं.

जाहीर कृती म्हणून भाषणात हा प्रसंग घेणार. उत्तम उदाहरण आहे.

२२ नोव्हेंबर, दुपार
भाषण उद्या. पहिलं वाक्य तयार : मेल्यानंतर माणूस कुठेही नसतो.

दुसरं वाक्य येत नाही. तीन पेनं बदलली. चहा दोनदा केला, दोन्ही वेळा दोन कप. दुसराही मीच प्यालो, वाया कशाला घालवायचा.

हरकत नाही. मी उत्स्फूर्त चांगला बोलतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
पन्नासेक माणसं. मृणाल न सांगता आलेली. काळुरामही, इस्त्रीच्या शर्टात, बायकोला घेऊन. तिची भीती जावी म्हणून.

उभा राहिलो. पहिलं वाक्य म्हणालो. आवाज खणखणीत लागला. मग सगळे दुसऱ्या वाक्याची वाट बघू लागले आणि मीही. काळुरामची बायको डोळे न मिटता माझ्याकडे बघत होती. खरंच ना, असं तिला विचारायचं होतं. पंख्याचा आवाज येत होता. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि खाली बसलो. महेंद्रने माईक घेऊन सांगितलं, सरांची तब्येत बरी नाही. टाळ्या वाजल्या. त्या कशासाठी, कळलं नाही.

घरी मृणालने वरणभात केला. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, काळुरामकाकांनी मला सगळं सांगितलं. बाबा, खरं सांगा, आई दिसते तुम्हाला?

मी गुडघ्याचं सांगायला लागलो. तिने ऐकलं नाही. पुन्हा तेच विचारलं.

म्हणालो, नाही गं. भार येतो तो वळणाचा. तेल मी स्वतःच लावतो, तिच्या बाटलीतलं. रोज जागा धरतो. एकदाही आली नाही.

मृणाल म्हणाली, माझ्याकडे पण नाही. मी ठाण्याला तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवते.

मग आम्ही दोघंही रडलो, भात गार होईपर्यंत.

म्हणजे माझं वाक्य बरोबरच होतं. सात महिने रोज तपासून बघितलंय. कुठेही नाही.