छाटीच्या पिशव्या

अम्मा, तुझी नातसून चेकर होणार, हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला आपली तेलुगू लिहिता येत नाही, तरी लिहायला बसलोय. घरात बोललो तर मुलगा म्हणतो, तुम्हाला काम नाही म्हणून काळजी सुचते. तू माझ्या सुनेला पाहिलं नाहीस. तुझ्यासारखीच मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तंबाखूनं छाती भरली, खोकला सुटेना, तेव्हा वस्तीत एक संस्था आली. कुणा श्रीमंत माणसानं मागे ठेवलेल्या पैशातून ती चालते. बिडीच्या बायकांना दुसरा धंदा लावून द्यायचा, हे तिचं काम. बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये शिलाई मशिनी बसवल्या, शिकवायला मास्तर ठेवला, आणि बायका चादरीच्या कापडाच्या पिशव्या शिवायला लागल्या. मला वाटलं होतं, फोटो काढतील आणि जातील. पण राहिले. आता जायला निघालेत, तर माझा जीव खालीवर होतोय.

बिड्या नेऊन द्यायची ती कंपनीची ब्रँच आठवते ना तुला? मी तुझा पदर धरून रांगेत उभा आहे. बिड्यांची टोपली पुढं केलीस की चेकर बांधलेला एकेक कट्टा उचलतो, अंगठ्यानं दाबतो, आणि मनात येईल तेवढ्या बिड्या बाजूच्या डब्यात फेकतो. ती छाट. तिची मजुरी नाही आणि बिडीही परत नाही. "डोळे फुटलेत का गं तुझे?" असं तो सगळ्यांसमोर म्हणतो आणि तू हसतेस. तू का हसायचीस, ते मला अजून कळलेलं नाही. घरी मात्र तू ठरल्यापेक्षा जास्तच वळायचीस. कशाला, असं मी विचारलं तर म्हणालीस, त्या छाटीच्या, त्या धरायच्याच नसतात. देवाचा घास बाजूला काढावा तशा तू त्या बिड्या काढून ठेवायचीस.

आता ऐक काय झालं ते. शेडमधला पहिला मोठा माल पुण्याच्या दुकानात गेला आणि दोन दिवसांनी संस्थेच्या मॅडम स्वतः आल्या. मी दारात बसलो होतो. त्या म्हणाल्या, "प्रत्येक गठ्ठ्यात पिशव्या जास्त निघाल्या. मोजताना चुकलात का?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सून म्हणाली, "चुकलो न्हाय मॅडम. त्या छाटीच्या हायत की."

"छाटीच्या म्हणजे?"

शेजारच्या मावशीला राहवलं नाही. हिनंच माझ्या सुनेला सासरी आल्यावर हात धरून ब्रँचला नेलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे तुमी फेकायच्या. तुमाला तरास नको म्हणून आमीच आधी घातल्या."

"पण असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"आता हे बी सांगावं लागतंय व्हय?"

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, आम्ही आता निघतोय, सोमवारपासून हा कारखाना तुमचा. माल तुमच्यातलीच एक जण इथंच तपासेल. कुणी पुढं आलं नाही, तर मशिनी दुसऱ्या वस्तीत द्याव्या लागतील, तिथल्या बायका वाट बघतायत. सगळ्या माना माझ्या सुनेकडं वळल्या.

रात्री वाढताना तिनं विचारलं, "मामा, चेकरच्या जागेवर बसू का?"

मी म्हणालो, "त्या जागेवरच्या माणसाला बायका घरी जाऊन शिव्या घालतात."

"तो देत होता, म्हणून घालत होत्या."

"तू पण देशील. ती जागाच तशी असती."

मी अर्ध्या ताटावरच उठलो. बसली नाही तर मशिनी जातील आणि पुन्हा मांडीवर सूप येईल. बसली तर तो माणूस माझ्याच घरात येईल. दोन्हीकडून भीतीच.

इथं पत्र तसंच राहिलं होतं. आज सोमवार. डबा द्यायचं निमित्त काढून मी शेडमध्ये गेलो. दाराशी टेबल टाकलंय, ती बसलीय, पायाशी चिंध्यांचं खोकं. मावशीची पिशवी तिच्या हातात आहे. धरायचा एक बंद उलटा शिवलाय, तो मला लांबूनही दिसतोय.

"मावशी, ह्यो बंद उलटा लागलाय."

"मग टाक की छाटीत! चेकरीणबाई झालीस, आता टाकायलाच पायजे."

सगळ्या मशिनी थांबल्या. सुनेचा हात पिशवीसकट त्या खोक्यावर गेला. अम्मा, मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पिशवी मावशीपुढं धरून उभी होती.

"टाकत न्हाय. उसवा आणि परत लावा."

"उसवण्यात माझा येळ जातोय, त्याचं काय?"

"जाऊ दे की. पिशवी वाया जात न्हाय, मजुरी तुमची तुमाला."

मावशीनं आपल्या भाषेत एक कचकचीत शिवी हासडली, पिशवी ओढून घेतली आणि मशिनीवर बसून दातानं दोरा तोडायला लागली. "सासूला पण एवढं भीत नव्हते मी," असं पुटपुटली. मशिनी सुरू झाल्या. मी मात्र तिथून हललो नाही. लूमवर उभं राहून आयुष्य गेलं माझं, पण चूक झालेलं काम हातात परत देतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडं पगारातून कापायचे.

सुनेनं विचारलं, "मामा, काय पायजे?" काही नाही म्हणालो आणि घरी आलो. खरं तर गठ्ठे बांधायला त्यांना माणूस हवाय, हे मला माहीत आहे. दोरी मला चांगली बांधता येते. विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. म्हातारपणी माझी गाठ तिनं ओढून बघितली आणि मामा, परत बांधा म्हणाली, तर मी काय करीन? तुला म्हणून सांगतो अम्मा, तिनं तसं म्हणावं असं वाटतंय मला.