हातगुण

सोमवार
नोकरी लागली! खोली हवेशीर, काकू प्रेमळ, काम एकच: त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सांभाळायचं. आजोबांना लघवीची नळी घातलेली आहे. नर्सताईंनी शिकवलं: पिशवी कायम कमरेच्या खाली, नळीला पीळ नको, तोटी जमिनीला टेकवायची नाही, हात धुवायचे. माझी गादी पलंगाला लागून, जमिनीवर, पिशवीच्याही खाली.
सरांच्या अंगावर धावून जाऊन कॉलेज सोडलं, तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली होती, “तू कुठेच टिकत नाहीस.” आता बघ म्हणावं.

बुधवार
आजोबांच्या किडन्या जवळजवळ बंद. पिशवीत जेमतेम चार थेंब पडायचे, तेही काळ्या चहासारखे. आज ती काठोकाठ भरली, लघवी पाण्यासारखी स्वच्छ. नर्सताई चक्रावल्या. काकू म्हणाल्या, पोराला हातगुण आहे. छाती फुगली. तिला मेसेज केला. उत्तर नाही.

शुक्रवार
सारखी पिशवी रिकामी करतोय. अंग आंबून गेलंय. मला मात्र कालपासून लघवीच नाही. उकाडा असेल. काकू तांब्या भरून देतात, पी म्हणतात. आजोबा उठून बसले. गालांवर लाली.

रविवार
पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. माझा चेहरा पाहून नर्सताई म्हणाल्या, इथलं सोड, आजच दवाखाना गाठ. अनवाणीच फाटकापर्यंत गेलो. तिचं वाक्य आठवलं. डोकं सणकलं. दातओठ खात परत फिरलो.

मंगळवार
गादीवर कूस बदलताना नळी कोपराखाली दबली. पिशवीतली धार थांबली आणि ओटीपोटात कळ आली. माझ्या. आजोबा शांत पडलेले. कोपर काढलं. धार सुरू, कळ गेली. मुद्दाम दाबून पाहिली. पुन्हा—
आजोबा प्रेमाने हसले. म्हणाले, “आधीचा पोरगा फार लवकर आटला. तू टिकशील.”

गुरुवार
उठवत नाही. आजोबा खोलीत फिरतात, पिशवी कमरेखाली धरून. स्वतःच रिकामी करतात, हात धुतात. नळी उपटावी म्हणतो, हात वर जात नाही. काकू तांब्या तोंडाला लावतात, पी रे राजा, अजून थोडं—
पिशवी भरत आली.
तिला कुणीतरी सांगा, मी टिक—