लेमचा हातमोजा

प्रिय लेम,

वीस वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. आणि अक्षराला हसू नकोस. उघड्या हातांनी चेंडू झेलून वाकड्या झालेल्या या बोटांत लेखणी नीट धरता येत नाही, तुला माहीतच आहे.

मी आता इथे ओहायोत कॉलेजच्या पोरांना बेसबॉल शिकवतो. हो, मीच! सही करताना ज्याला घाम फुटायचा, त्याला पोरं 'सर' म्हणतात. परवा जेवणाच्या टेबलावर एका प्राध्यापकाने माझी बोटं बघून विचारलं, "मटण कापून देऊ का?" माझी बायको क्लॅरा घरी येईपर्यंत हसत होती.

तू खोगीर-लगामांचं दुकान काढलंस, हे पिट्सबर्गच्या एका जुन्या खेळाडूकडून कळलं. चामड्याला तुझा हात लागला की काम चोख होणारच. टोलेडोच्या संघात आपण दोघं आलटूनपालटून फलंदाजामागे चेंडू झेलायचो, तेव्हा तू गुपचूप हातमोजा शिवला होतास. तेव्हा मोजा घालणाऱ्याला भित्रा म्हणायचे, म्हणून लोकांना दिसू नये असा अगदी कातडीच्या रंगाचा.

मंगळवारी सरावात ऑर्व्हिल नावाच्या आमच्या झेलणाऱ्या पोराने हातमोजा काढून फेकला. बाकीचे चिडवत होते, "काय बाईसाहेब, हात भाजतात वाटतं?" लेम, हे वाक्य माझं होतं. तुझा हात वर धरून मी अख्ख्या मैदानाला तो मोजा दाखवला होता. लोक खदाखदा हसले, तू मोजा खिशात कोंबलास आणि सातव्या डावात चेंडू लागून तुझा अंगठा मोडला. पुन्हा तू खेळलाच नाहीस. तू माझ्यापेक्षा चांगला झेलायचास, तेच मला खुपत होतं. इतकी वर्षं मी चेंडूला दोष देत आलो. चूक माझी होती. मला माफ कर.

पोरांना मी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. ऑर्व्हिलने मोजा चढवला आणि तो म्हणाला, "सर, ते एवढे चांगले होते तर त्यांनाच बोलवा ना!"

म्हणून हे पत्र. वसंतातले दोन महिने ये, झेलणाऱ्यांना तूच शिकव. कॉलेजने होकार दिलाय, क्लॅराने वरची खोली झाडून ठेवलीय. आणि मनात असेल तर येताना एक हातमोजा शिवून आण. मी हट्टाने कधी घातला नाही, आणि आता बाजारातला एकही मला बसत नाही. मापासाठी पानामागे माझा पंजा काढलाय. हसायचं असेल तर आता पोटभर हस.

तुझी वाट बघणारा,
तुझाच ॲम्ब्रोज