उसनी खुडूक

सोमवार, १२ तारीख

काकू, नमस्कार.

"माझं नेमकं काय चुकलं गं?" असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत. याचं उत्तर मला देता येत नाही. चार दिवस पत्र गादीखाली ठेवून पाहिलं, तरी येत नाही. म्हणून आधी बाकीचं लिहिते.

फोनवर तुम्ही "बरी आहे, बरी आहे" एवढंच म्हणता. फोन सूनबाईंच्या हातात असतो आणि त्या स्पीकर लावतात, हे मला ठाऊक आहे. पत्र मात्र तुम्ही एकट्या वाचता म्हणालात, म्हणून मीही पत्रच लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, चष्मा बदलेपर्यंत चालेल.

तिसऱ्या मजल्यावरून तुम्हाला नुसती गाड्यांची टपं दिसतात. कोंबडा आरवल्याशिवाय जाग येत नाही, म्हणून तुम्ही उशिरा उठता आणि सूनबाईंना वाटतं, सासूबाई आता कशा निवांत झाल्या. हे वाचून मला हसू आलं. मग ते थांबलं.

इकडे 'पायमोजेवाल्या' अंड्यावर आल्या. पायांवर पिसं असलेल्यांना तुम्हीच ठेवलेलं नाव ते. उघड्या मानेची अजून तशीच हिंडते, मफलर हरवल्यासारखी. पांढऱ्या रोज एक अंडं घालतात आणि घातलं की विसरतात. त्यांच्यातली एकही खुडूक होत नाही. अंड्यांवर बसणं त्यांच्या रक्तातच उरलेलं नाही. तुमची गावठी कोंबडी खुडूक होऊन घरट्यावरून उठेनाशी झाली, की तुम्ही भिंतीवरून हाक मारायचात, "ए मास्तरीण, भाड्याची आई हवी का?" मी तिला काखेत मारून आणायची आणि माझी जातिवंत अंडी तिच्याखाली ठेवायची. एकवीस दिवसांनी पिल्लं माझ्या बल्बखाली आणि कोंबडी तुमच्याकडे परत. बदल्यात तुम्ही कधी काही घेतलं नाहीत. म्हणायचात, "बसायचंच होतं तिला, तुझ्याकडे बसली."

आता कुणी हाक मारत नाही. आई सकाळी लवकर जाते, बाबा रात्रपाळीवरून येऊन दिवसभर झोपतात, म्हणून मी कोंबड्यांशीसुद्धा हळू बोलते. परवा दाणे टाकताना माझाच आवाज ऐकून दचकले. त्या दिवशी सकाळपासून तोंड उघडलंच नव्हतं.

तुमचं अंगण मी झाडून घेते. तीन महिने झाले, तरी खुराड्याच्या फटीतून पिसं निघतात. रविवारी तुमचा मुलगा घर दाखवायला एका भाडेकरूला घेऊन येणार आहे असं कळलं. मुलगा वाईट नाही तुमचा. आईला एकटीला जमत नाही असं त्याला वाटतं, एवढंच.

कोंबड्या विकणं मी सध्या थांबवलंय. कारण पुढे कधीतरी लिहीन. बाबा उठले वाटतं, थांबते.

गुरुवार, १५ तारीख

काकू, बाबा उठले नव्हते. वरचं पान फाडणार होते, पण राहू दे. मी कशी टाळते ते तुम्हाला दिसू दे.

तुमचं काही चुकलं नाही. सगळं माझ्याकडून झालं.

तो तांबडा कोंबडा आठवतो का, मी व्यापाऱ्याकडून आणलेला? नवा पक्षी आणला की तीन आठवडे वेगळा ठेवायचा, असं मी सुवाच्य अक्षरात पाटीवर लिहून खुराड्याला लावलं होतं. तुम्ही विचारलं होतंत, "ह्यांना वाचता येतं का गं?" मला तरी येत होतं. पण सहाव्या दिवशी दवाखान्यातले कंपाउंडर जोडी बघायला येणार होते. कोंबडा रुबाबात दिसावा म्हणून मी त्याला पुढच्या पिंजऱ्यात आणून ठेवला. पिंजऱ्याला लागूनच टोपलीत तुमची खुडूक बसली होती. कोंबडा शिंकत होता. मी म्हटलं, प्रवासाने असेल. चार दिवसांत तो मेला. मी त्याला मागच्या बाजूला पुरला आणि घरात सांगितलं की विकला.

त्याच आठवड्यात पिल्लं निघाली. तुमची कोंबडी परत करायच्या सकाळी तिच्या डाव्या डोळ्यात फेस होता. मी तो पाहिला, काकू. ओढणीच्या टोकाने पुसला आणि तिला भिंतीवरून तुमच्या हातात दिलं. "पाहुणीला अंघोळ घालून पाठवलीस की काय?" असं तुम्ही म्हणालात आणि आपण दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

सहा दिवसांत तुमच्या तेवीसच्या तेवीस गेल्या. माझी पिल्लंही एकेक करून गेली, ते मी तुम्हाला कळू दिलं नाही. मोठ्या वाचल्या, कारण त्यांना लस दिली होती. तुमच्या कोंबड्यांना द्यायची होती तर "पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी" म्हणत मीच ढकलत राहिले.

इतकंच असतं तर मी 'माझी चूक झाली' असं कधीच सांगून मोकळी झाले असते. पण त्या दिवशी अंगणात तुमचा मुलगा होता, कोपऱ्यावरच्या दुकानातले दाणेवाले काका होते, समोरच्या शिवणवाल्या वहिनी होत्या. तुम्ही मेलेल्या कोंबडीची वळलेली मान बोटांनी सरळ करून पाहिलीत आणि म्हणालात, "मानमोडी आहे ही. बाहेरून आली." तुम्ही बरोबर होतात. मुलगा माझ्याकडे वळला. "तू शिकलेली आहेस, तू सांग. कशाने मेल्या?"

"मानमोडी अशी नसते," मी म्हटलं. "धान्याला बुरशी आली असणार. ओलं धान्य खाल्लं की अशाच माना पडतात."

पुस्तकात तसंही एक लिहिलेलं आहे. म्हणून ते तोंडातून सहज निघालं, अगदी परीक्षेत निघावं तसं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग पोत्यापाशी गेलात, मूठभर दाणे नाकाशी धरलेत आणि म्हणालात, "असेल बाई. हल्ली वास कळत नाही मला." चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेल्या बाईने माझ्या दोन वाक्यांवर स्वतःच्या नाकाला खोटं ठरवलं. तुमचा मुलगा म्हणाला, "बघ आई, हेच म्हणतो मी. आता तुला एकटीला जमत नाही." आठ दिवसांनी तुम्ही गेलात. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवलात.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आई दवाखान्यात फरशी पुसते आणि पुसता पुसता डॉक्टरांनाही सांगते, की माझी मुलगी पुस्तक वाचून कोंबड्या पाळते. माझं शिक्षण या गल्लीच्या उपयोगी पडावं असं मला मनापासून वाटायचं. कुणी चारचौघांत ते पहिल्यांदाच विचारलं, आणि मी ते तुमच्यावर उलटवलं.

रविवार, १८ तारीख

भाडेकरू घर बघून गेला. तो आत खोल्या मोजत होता तेवढ्यात मी दाणेवाल्या काकांना आणि वहिनींना तुमच्या अंगणात बोलावून आणलं. काका गल्ला सोडून येईनात. शेवटी "काय, मोर्चा आहे का?" म्हणत आले. वहिनी तोंडात टाचण्या धरूनच आल्या. त्याच जागी, त्याच माणसांसमोर मी सगळं सांगितलं. कोंबडा, शिंका, डोळा, ओढणी आणि बुरशी.

आधी काका बोलले. "म्हणजे माझा माल चोख होता. तीन महिने जो येतो तो पोत्यात नाक घालतोय." मी त्यांची माफी मागितली. ते "बरं बरं" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

वहिनींनी टाचण्या हातात काढल्या. "फेस दिसला आणि तू पुसलास?"

"हो."

त्यांनी टाचण्या परत तोंडात ठेवल्या आणि निघून गेल्या.

तुमचा मुलगा म्हणाला, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही मला शिकलेली म्हणालात. मग मला काही माहीत नाही किंवा माझंच चुकलं, असं म्हणवेना."

"आईला कळलं होतं?"

"सगळ्यांच्या आधी. त्यांनी रोगाचं नावसुद्धा घेतलं होतं."

तो खुराड्याच्या दाराशी उकिडवा बसला. दाराची कडी दोनतीनदा लावून उघडून पाहिली. "मी तिला काय काय बोललो," एवढंच म्हणाला. मग उठला. "हे तिला तूच सांग. माझ्याकडून व्हायचं नाही." भाडेकरूला त्याने आज हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. तुम्ही परत यावं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवाल. या वेळी माझं मत कुणी विचारू नये आणि मी देऊ नये.

तुमची माफी पत्रात मागत नाही. तेवढ्यासाठी तिसऱ्या मजल्यावर चढून येईन, तुम्ही दार उघडणार असाल तर.

बुधवार, २१ तारीख

पत्र टाकायला निघाले होते, पण एक काम राहिलं होतं. ते करून आले. तांबडा कोंबडा आणल्यापासून माझ्याकडून ज्यांनी ज्यांनी पक्षी नेले, अशी सात घरं होती. सोमवारपासून चालत सातही घरी गेले आणि काय झालं ते सांगितलं. पाच ठिकाणी कोंबड्या धडधाकट आहेत. कंपाउंडरांनी हसून चहा दिला. दोन घरांची अंगणं रिकामी होती.

दुसऱ्या रिकाम्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. माझं ऐकून घ्यायच्या आधीच मला समजावू लागली. "रोगबीग काही नाही गं. आमच्या धान्यालाच बुरशी होती. मी सगळं पोतं नाल्यात ओतलं. तुमच्या गल्लीत कुणी शिकलेली मुलगी आहे म्हणे, तिने सांगितलं होतं."

तिला मी म्हटलं, ती मीच.

भिंतीपलीकडची,
अजून इथेच असलेली