मावशीच्या हातचा घास

आई, तू ज्या शाळेत लहान मुलांची मावशी होतीस, तिथेच मी माझ्या लेकीला घातलंय. बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं एकाच आवारात, आणि पहिलीपासूनच परदेशातल्या कॉलेजांच्या गप्पा. शिक्षण चांगलं मिळतं म्हणून घातलं, असं हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला त्या मुलांचा फार हेवा वाटायचा, अजूनही वाटतो.

संध्याकाळी तू घोटावड्याला घरी यायचीस ती त्यांच्याच गोष्टी घेऊन. कोण डबा खात नाही, कोण झोपेत रडतं. मी ताट घेऊन तुझ्यापुढे बसलेली, आणि तू म्हणायचीस, "आपल्या हातानं जेव गं, लई दमलीया मी." एकदा माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मला सोबत नेलंस. तिथे तू ताटाच्या कडेने वरणभाताचे इवले इवले घास मांडत होतीस, प्रत्येकात अंगठ्याने खळगा, खळग्यात तूप. एक मुलगा तुझा पदर धरून खात होता. मी तो पदर त्याच्या हातातून हिसकावला. "ल्हान हाय त्यो," तू सगळ्यांदेखत ओरडलीस, "तू मोठी हायेस न्हवं?" मी दुसरीत होते, आई.

परवा जेवताना लेक म्हणाली, "शाळेतल्या मावशीसारखं भरव." माझा जळफळाट झाला. मावशी बदला, अशी तक्रार शाळेच्या अ‍ॅपवर लिहायलाच घेतली. लिहिता लिहिता विचारलं, "भरवते तरी कशी ती?" लेकीने आपल्या ताटाच्या कडेने वेडेवाकडे घास मांडले, एकेकात अंगठा दाबला आणि म्हणाली, "आता तूप घाल."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी त्या मावशीला गाठलं. "जुन्या मावश्या असंच भरवायच्या," ती म्हणाली. "त्यांचं बघूनच आमी शिकलो." म्हणजे इतकी वर्षं तिथली सगळी मुलं तुझ्या हातचं खात होती. तक्रार मी पुसून टाकली, पण हेवा काही गेला नाही.

एक सांगायचं राहिलं. परवा लेकीने "आ कर" म्हणून पहिला घास मला दिला. मग दुसरा. ती स्वतः अजून जेवायची होती, तरी मी सगळे घास खाल्ले, तिला एकही ठेवला नाही.