साहिलच्या गाण्यातली सुनावणी

पुणे, शुक्रवार

साहिलच्या बाबांना नमस्कार.

बाप्पाच्या कृपेने साहिलची कावीळ उतरली. भात खातो, चिडचिडही करतो, म्हणजे बरा आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना? आपल्या लेकीला, किमयाला म्हणावं, देवापुढचा दिवा चुकवू नको.

फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" करता, म्हणून लिहिते.

साहिलच्या बँडचा अल्बम काल सगळा ऐकला. आधी वाटलं, नुसती आदळआपट. तो म्हणाला, "शब्द ऐक गो आई." ऐकले. मिठागरं, खाडीचा बांध, जमिनी घ्यायला येणारे, सगळं आपलंच. घरात बोलत नाही तेवढं पोरगा गाण्यात बोललाय. मला फार आवडलं, आणि तेव्हापासून पोथीत मन लागत नाही.

एका गाण्यात वाद्यं मध्येच थांबतात. आपल्या गावची जमिनीची सुनावणी त्याने फोनवर रेकॉर्ड केली होती, ती तिथे लावलीय. साहेब विचारतात, "कुणाची हरकत आहे का?" कुणीच बोलत नाही. फक्त एकजण खाकरतो.

ते तुम्ही. काही बोलायच्या आधी तसंच खाकरता, तीस वर्षं ऐकतेय. मी साहिलला म्हटलं, "तेवढं काढ की रे."

"नाय काढणार. बाबा बोलणारच होते गो, म्हणून ठेवलंय."

मंगळवारी पुन्हा सुनावणी आहे. रागावू नका, पण या वेळी उभे राहा. चार शब्द पुरेत.

बोललात की लगेच फोन करा. नाही बोललात तरी करा.

तुमची,
कुंदा